गुडघा बोलतो, हाड मुके असते

साठीच्या चार बायका एकत्र जमल्या, की सुनांच्या खालोखाल विषय निघतो तो गुडघ्यांचा. निदानही तिथल्या तिथे होते. "हाडं ठिसूळ झाली हो, कॅल्शियम घ्या!" मग शेजारणीकडची गोळ्यांची बाटली या घरातून त्या घरात फिरू लागते. गोळ्यांशी आमचे वैर नाही. पण हे निदान पुष्कळदा चुकते.

गुडघ्याची झीज हा सांध्याचा विकार. मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते विरते, हाडाच्या कडेला कंगोरे फुटतात आणि जिना उतरताना जीव मेटाकुटीला येतो. हाडे विरळ होणे हे प्रकरणच निराळे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि हाडातला भरणा भराभर कमी होऊ लागतो. मात्र तो कमी होताना दुखत नाही. हाड मोडेपर्यंत बाईला पत्ताही नसतो.

आता गंमत पाहा. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ पासून रहिवाशांच्या प्रकृतीची नोंद ठेवतात. तिथल्या वृद्ध स्त्रियांच्या तपासणीचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. गुडघा झिजलेल्या बायकांची हाडे इतरांपेक्षा विरळ तर नव्हतीच, उलट काहीशी अधिक घट्ट निघाली! अंगाने भारी बाईच्या हाडांना वजन पेलून बळकटी येते आणि तेच वजन गुडघ्यांना भोवते, हे त्याचे एक कारण; पण सगळा उलगडा तेवढ्याने होत नाही.

म्हणजे गुडघे दुखणारीने निर्धास्त राहावे काय? मुळीच नाही. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरी असाच अभ्यास झाला. सांधे झिजलेल्यांची हाडे तिथेही घट्ट आढळली, पण वयाबरोबर ती विरळ होण्याचा वेग इतरांहून जास्त होता. शिवाय घनतेच्या तपासणीतही एक चकवा आहे. पाठीच्या मणक्यांना कंगोरे फुटले असतील, तर यंत्र तेही हाडातच मोजते आणि आकडा फुगतो. अशा वेळी खुब्याचा आकडा पाहून घ्यावा. तो उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर डॉक्टरांशी उपचारांचे बोलणे टाळू नये.

खरी भीती मात्र पडण्याची. दुखरा गुडघा अवचित दगा देतो, मांडीचे स्नायू वापराअभावी सुकलेले असतात, तोल सावरत नाही. घट्ट हाडसुद्धा अशा पडण्यात मोडते, आणि खुबा मोडलेल्या कितीतरी जणी पुन्हा पहिल्यासारख्या चालू शकत नाहीत. तेव्हा या दिवाळीत माळ्यावरचे पितळी डबे काढायला स्टुलावर चढू नका. घरात नातू कशाला आहे? रांगोळी पाटावर बसून नव्हे, खुर्चीपुढे चौरंग ठेवून त्यावर काढा. न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवून घ्या. दागिन्यापेक्षा ती स्वस्त पडते.

मांडीसाठी एक सोपा व्यायाम. खुर्चीवर टेकून बसावे, एक पाय समोर सरळ करून दहा आकडे मोजावेत, सावकाश खाली आणावा, मग दुसरा. भाजी निवडता निवडताही जमते. आणि काठी लागत असेल तर लाजू नका. फक्त ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरा. पुष्कळजणी नेमकी दुखऱ्या बाजूलाच धरतात.