घरकर्जाचा एजंट नेमका कोणाचा? धरमपेठेत फाईल देण्याआधी हे विचारा

नागपूर : काटोल, सावनेर, हिंगणा, उमरेडकडची माणसं घरकर्जासाठी नागपुरात आली की अनेकांचे पाय धरमपेठेकडे वळतात. वेस्ट हायकोर्ट रोडच्या आसपास बँका आहेत, हाऊसिंग फायनान्सवाले आहेत आणि त्यांच्यासाठी फाईल आणणारे एजंटही आहेत. ‘तुम्ही फक्त कागद द्या, बाकी आम्ही पाहून घेतो’ हे वाक्य इथं हमखास ऐकू येतं. वीस वर्षांचं कर्ज घेणाऱ्याने मात्र तिथंच थोडं थांबायला हवं.

कमिशन कोण देतं?

बँकेला ग्राहक आणून देणाऱ्या अशा एजंटला ‘डीएसए’ म्हणतात. त्याचं कमिशन बँक किंवा फायनान्स कंपनी देते, तेही कर्ज वाटप झाल्यावर. म्हणजे तो ग्राहकाच्या सोयीचा असला तरी ग्राहकाचा माणूस नव्हे. म्हणून पहिला प्रश्न हाच : तुम्ही किती बँकांचं काम करता आणि माझी फाईल याच बँकेत का टाकता? ‘फाईल पास करायचे’ वेगळे रोख पैसे कोणी मागितले, तर तिथून उठावं.

फरक किती पडतो? २५ लाखांचं कर्ज, मुदत २० वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २१,७०० रुपये, साडेनऊ टक्क्यांनी सुमारे २३,३००. एका टक्क्यामागे मुदतभरात जवळपास ३ लाख ८६ हजार रुपये जास्त जातात.

खरा अनुभव कागदात दिसतो

ग्रामीण भागातलं कर्ज पगारापेक्षा जमिनीच्या कागदावर जास्त अडतं. प्लॉट एनए आहे का? लेआऊट मंजूर आहे का? गुंठेवारीतला असेल तर आरएल, म्हणजे नियमितीकरण पत्र आहे का? गावठाणातलं घर असेल तर नुसता नमुना ८ आहे की मिळकत पत्रिकाही? सातबारावर भावाबहिणींची नावं आहेत का?

जाणता एजंट हे सगळं इसार देण्याआधी विचारतो आणि जमत नसेल तर ‘यावर कर्ज होणार नाही’ असं तोंडावर सांगतो. कच्चा माणूस आधी फाईल टाकतो. मग बँकेच्या वकिलाच्या सर्च रिपोर्टमध्ये खोट निघते. तोवर प्रोसेसिंग फी गेलेली असते, इसार अडकलेला असतो. चार ठिकाणी एकदम अर्ज टाकले तर सिबिल स्कोअरलाही फटका बसतो.

बँक की फायनान्स कंपनी?

आयकर विवरण नसलेल्या शेतकऱ्याला किंवा छोट्या दुकानदाराला हाऊसिंग फायनान्स कंपनी अनेकदा लवकर उभं करते. त्यात गैर काही नाही, पण व्याज बहुधा जास्त असतं. बँकांची बदलत्या व्याजाची नवी घरकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत. २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. असा बदल या कर्जांना तीन महिन्यांच्या आत लागू व्हावा लागतो. फायनान्स कंपन्यांवर ते बंधन नाही, त्यांचा आधारदर त्या स्वतः ठरवतात. एजंटने हा फरक सांगितला नाही, तर त्याला ठाऊक नाही किंवा सांगायचा नाही.

एक कागद मागाच

१ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या घरकर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. सगळा खर्च धरून वर्षाला किती टक्के पडतात, ते त्यात लिहिलेलं असतं. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं आणि विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत. त्यात नसलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. विमा कर्जात मिसळला असेल, तर तोही इथंच सापडतो.

बदलत्या व्याजदराचं घरकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. पूर्ण फेडल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. संस्थेमुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

तक्रार आधी त्याच संस्थेकडे लेखी करायची. तीस दिवसांत तोडगा निघाला नाही, तर बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि हाऊसिंग फायनान्स कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे जाता येतं.

कर्ज वाटप झालं की एजंटचं काम संपतं. हप्ता मात्र वीस वर्षं घरच्यांनाच भरायचा असतो. त्यामुळे एजंटने कितीही घाई केली तरी कागद घरी आणावेत, चार माणसांत वाचावेत आणि मगच सही करावी.