रानफळांचा अर्क आणि सॉसेजची सुरक्षितता

मांसातील चरबीचा प्राणवायूशी संयोग झाला, की मांस खवट होते आणि त्याचा रंगही उतरतो. ते टाळण्यासाठी सॉसेज, हॅममध्ये ॲस्कॉर्बेट व नायट्राइट मिसळतात. मात्र, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरविल्याने नैसर्गिक पर्यायांची निकड वाढली.

स्पेनमधील एक्स्त्रेमादुरा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याआधीच रानगुलाब, हॉथॉर्न, रानटी ब्लॅकबेरी यांच्या फळांचे अर्क डुकराच्या मांसात वापरून पाहिले होते. अर्कांतील पॉलिफेनॉलमुळे ऑक्सिडीकरण मंदावते. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या रानगुलाबावरील प्रयोगात सॉसेजमधील चरबी आणि प्रथिने सुरक्षित राहिली. पण नायट्राइटअभावी लालसर रंग फिका पडला.

खरा प्रश्न रंगापुरता नाही. नायट्राइट क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक विष निर्माण करणाऱ्या जिवाणूलाही रोखते. ऑक्सिडीकरण थोपविणारा अर्क हेही काम करील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२५पासून नायट्राइटची मर्यादा घटविली. बंदी घातली नाही. वेष्टनावरील 'नैसर्गिक' हा शब्द ग्राहकाने सुरक्षिततेचा दाखला समजू नये, हाच याचा अर्थ.