खर्जाचा वर्ग वाचवायला या

येत्या मे महिन्यात अमेरिकेतल्या आमच्या राज्य विद्यापीठातले ट्यूबा आणि युफोनियमचे प्राध्यापक निवृत्त होत आहेत आणि त्यांची जागा भरायची नाही, असं प्रशासनाचं जवळपास ठरलं आहे. तासाच्या बोलीवर कुणाला तरी बोलावू, असं डीनच्या कार्यालयातून सांगतात. ही बातमी पेपरात आली नाही. पण या राज्यात ज्या ज्या मराठी घरातलं मूल शाळेच्या बँडमध्ये आहे, त्या प्रत्येक घराशी तिचा संबंध आहे, म्हणून हे लिहिते आहे. माझी मुलगी याच वर्गात युफोनियम शिकते. तेव्हा मी तटस्थ नाही आणि तसा आव आणणारही नाही.

ही वाद्यं आपल्या डोळ्यांना ओळखीची आहेत. वरातीत किंवा पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत, वादकाच्या अंगाभोवती वेटोळं घातलेलं आणि डोक्यावर भलंमोठं तोंड उघडलेलं पितळी वाद्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं आहे. तो सूझाफोन, चालता चालता वाजवता येणारा ट्यूबाचा प्रकार. खुद्द ट्यूबाचं पेटंट विल्हेल्म वीप्रेख्त आणि योहान मोरित्झ यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी प्रशियात घेतलं. मोठ्या ट्यूबाची नळी सरळ केली तर सुमारे १८ फूट भरते. युफोनियम त्याच्या निम्म्या लांबीचं, आणखी आठेक वर्षांनी जन्मलेलं. त्याचा आवाज भरदार पुरुषी गळ्याच्या अगदी जवळ जातो.

या दोन वाद्यांना विद्यापीठाबाहेर फारसं घर नाही. व्हायोलिन शिकणाऱ्याला ऑर्केस्ट्रात पंचवीस-तीस खुर्च्या असतात. ट्यूबाला एक. युफोनियमला तीही नाही. होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला मंगळ किंवा रिचर्ड श्ट्राउसची एखादी रचना असली की त्यापुरतं बोलावणं येतं. एकल वादनासाठी मोठ्या संगीतकारांनी कितीतरी वर्षं यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. व्हॉन विल्यम्सने ट्यूबासाठी कॉन्चेर्टो लिहिला तो १९५४ साली, म्हणजे वाद्य जन्मल्यावर ११९ वर्षांनी. पाठोपाठ १९५५ मध्ये हिंडेमिथचा सोनाटा आला. नंतर जे काही उभं राहिलं, त्यातलं बरंचसं इथल्या विद्यापीठांमधल्या चार-दोन हट्टी शिक्षकांनी उभं केलं.

त्यांत हार्वी फिलिप्स यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. त्यांचे गुरू विल्यम बेल हे तोस्कानिनींच्या एनबीसी ऑर्केस्ट्रात आणि पुढे न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये ट्यूबा वाजवत, आणि शेवटची दहा वर्षं इंडियाना विद्यापीठात शिकवत. १९७१ मध्ये गुरूच्या जागी शिष्य आला. फिलिप्स यांनी संगीतकारांच्या मागे लागून ट्यूबासाठी नव्या रचना लिहवून घेतल्या, १९७३ मध्ये विद्यार्थ्यांच्या वादनाचा ऑक्टोबरमधला उत्सव सुरू केला, आणि २२ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधल्या बर्फाच्या रिंगणात ट्यूबा-युफोनियमवाल्यांना गोळा करून नाताळची गाणी वाजवली. तीनशेच्या वर वादक आले होते. बेल यांचा जन्म १९०२ च्या नाताळचा. ही त्या गुरूला दिलेली मानवंदना होती. आज डिसेंबरात अमेरिकेतल्या गावोगावी हा मेळा भरतो. शाळकरी पोरांपासून नातवंडं असलेल्या माणसांपर्यंत सगळे एका रांगेत बसतात. तिकडे टेनेसी टेक विद्यापीठात विन्स्टन मॉरिस यांनी १९६७ पासून निव्वळ ट्यूबा आणि युफोनियमचा ताफा घडवला आणि तो थेट कार्नेगी हॉलपर्यंत नेला. शिष्याने गुरूची गादी चालवावी, हे आपल्याला समजावून सांगायला नको. आमच्याकडे आता ती गादीच गुंडाळायला निघाले आहेत.

तो वर्ग चालतो कसा, ते मी दाराशी बसून पाहिलं आहे. संगीत विभागाच्या तळघरात, कॉरिडॉरच्या टोकाला ती खोली आहे. विद्यार्थी ट्यूबा मांडीवर घेतो, तोच सर सांगतात, “खाली ठेव, आधी गा.” समोर बोर्दोन्यीचा स्वराभ्यास असतो. हा एकोणिसाव्या शतकातला इटालियन गानगुरू; त्याने गायकांसाठी लिहिलेले धडे ट्रॉम्बोन आणि ट्यूबावाले आजही गिरवतात. मुलगा लाजत गातो. मग नुसत्या माउथपीसवर तीच ओळ, मग वाद्यावर. मध्येच सर थांबवतात: श्वास इथे का घेतलास, वाक्य मोडलं ना! पुन्हा. मग नळीतलं पाणी जमिनीवरच्या टॉवेलवर सोडायचं आणि पुन्हा. एका ओळीवर अर्धा तास जातो. शिकागो सिम्फनीत १९४४ ते १९८८ ट्यूबा वाजवणारे आर्नल्ड जेकब्स हेच शिकवत आले: डोक्यात गाणं असू दे आणि फुंक मोकळी सोड. त्यांची स्वतःची फुफ्फुसं अधू होती, तरी श्वास शिकायला जगभरचे वादक त्यांच्याकडे येत. आमच्या सरांचं शिकवणं त्याच वळणाचं आहे. शुक्रवारी सगळी मुलं एकत्र वाजवतात तेव्हा त्या खोलीतली म्युझिक स्टँडं थरथरतात आणि आपल्या बरगड्यांतही तो स्वर जाणवतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेने खोली भरते ना, तसं.

प्रशासनाच्या तक्त्यात यातलं काही दिसत नाही. तिथे दिसतो तो एक शिक्षक, एक विद्यार्थी आणि एक तास. दोनशे मुलांच्या व्याख्यानाशेजारी हा आकडा ठेवला की तो महाग दिसणारच. पण वाद्य घोळक्यात शिकवता येत नाही. ते समोरासमोर बसूनच शिकावं लागतं. आणि हा हिशेब त्या खोलीपुरता धरणं मुळातच चूक आहे. या वर्गातली बरीच मुलं संगीतशिक्षणाची पदवी घेतात आणि राज्यातल्या शाळांमध्ये बँड शिकवायला जातात. सहावीतल्या मुलाच्या हातात पहिल्यांदा ट्यूबा देणारी, त्याला ओठ कसे धरायचे ते दाखवणारी माणसं इथूनच निघतात. इतर वाद्यांचे विद्यार्थीसुद्धा पितळी वाद्यांची तोंडओळख याच सरांकडून करून घेतात. बँडचा सूर जुळवताना अनेक बँडमास्तर ट्यूबापासून सुरुवात करतात आणि एकेक थर वर चढवतात. तळ बेसूर असेल तर वरच्या बासऱ्या आणि क्लॅरिनेट कितीही गोड वाजोत, बँड लागत नाही. शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर ज्या मार्चिंग बँडची चित्रं विद्यापीठ आपल्या माहितीपत्रकांवर छापतं, त्यातली सूझाफोनची रांगही या तळघरातूनच जाते.

आता आपल्या घरांतला नेहमीचा प्रश्न: “पण याला नोकरी कुठे आहे?” रास्त प्रश्न आहे. जेकब्स एका खुर्चीवर ४४ वर्षं बसले, म्हणजे तितकी वर्षं त्या शहरात ट्यूबाची ती जागा रिकामी झाली नाही. युफोनियमवाल्यांना पूर्णवेळ वादनाची नोकरी मुख्यतः लष्करी बँडमध्येच मिळते, आणि तिथे एकेका जागेसाठी चुरस असते. प्रत्येक मुलाने यातच करिअर करावं, असं मी म्हणणार नाही. पण कॅरल यांच हिने मिशिगन विद्यापीठात शेवटच्या वर्षाला असताना, २००६ मध्ये, फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राची ट्यूबाची जागा पडद्याआड वाजवून जिंकली. अमेरिकेच्या एवढ्या मोठ्या ऑर्केस्ट्रात ती जागा मिळवणारी ती पहिली स्त्री. तिच्या विद्यापीठात रोज हजर असलेला ट्यूबाचा पूर्णवेळ शिक्षक नसता, तर? शिवाय जी मुलं पुढे इंजिनिअर किंवा डॉक्टर होतात, त्यांची चार वर्षं वाया गेली असं ज्यांना वाटतं, त्यांनी डिसेंबरातला तो मेळा एकदा पाहावा.

“तासावर शिक्षक येईलच की,” असंही काही पालक म्हणाले. येईल. दोन तास गाडी हाकत येईल, एका दिवसात सगळ्यांचे तास उरकेल आणि परत जाईल. त्याला वैद्यकीय विमा मिळेलच असं नाही, पुढच्या सत्राची हमी नसेल. शाळाशाळांत जाऊन नवी मुलं कोण शोधणार? शुक्रवारचा ताफा कोण चालवणार? ऑडिशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या मुलाचा फोन कोण उचलणार? त्या माणसाची लायकी कमी असेल असं मुळीच नाही. त्याला या कामांसाठी वेळ आणि पैसा कुणी देत नाही, एवढंच. मग मुलं दुसऱ्या राज्यात जातात, आणि दोन-तीन वर्षांनी तोच तक्ता दाखवून सांगता येतं, बघा, इथे विद्यार्थीच नाहीत.

असे निर्णय किती झपाट्याने अंगावर येतात ते पाहा: फिलाडेल्फियातली युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स जून २०२४ मध्ये आठवडाभराच्या सूचनेवर बंद झाली. संगीत शिकणाऱ्या मुलांना रातोरात दुसरा आसरा शोधावा लागला. आपल्याकडे अजून काही आठवडे हातात आहेत, ते दवडू नका.

मराठी पालकांना माझं सांगणं थोडं वेगळंही आहे. आपल्या मुलांच्या हातात आपण व्हायोलिन, बासरी, पियानो, तबला आनंदाने देतो. बँडमास्तरने ट्यूबा सुचवला की आपला चेहरा पडतो: एवढं अवजड, आणि त्यात चाल वाजवायला मिळतच नाही! मीही हे आपल्या कार्यक्रमांत ऐकलं आहे. मुलाची इच्छा असेल तर त्याला तो घेऊ द्या. बहुतेक शाळांत वाद्य शाळेचंच असतं, विकत घ्यावं लागत नाही. चांगल्या ट्यूबाची किंमत हजारो डॉलरमध्ये जाते, म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या शाळेच्या बँडला एखाद्या जुन्या वाद्याच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा. व्हॉल्व्ह अडकलेले, चेपलेले ट्यूबा कपाटांत पडून आहेत. दुरुस्त झाले तर उद्या वाजतील.

आणि या जागेसाठी आज काय करायचं, तेही सांगते. विद्यापीठाचे प्रोव्होस्ट आणि विश्वस्त मंडळ, दोघांनाही स्वतंत्र पत्र लिहा. एकच छापील मजकूर सगळ्यांनी पाठवू नका, तसली पत्रं एका गठ्ठ्यात मोजतात. तुम्ही कुठल्या गावचे, मूल कुठल्या शाळेत, कोणतं वाद्य वाजवतं, त्याचे बँडशिक्षक कुठे शिकले, हे चार ओळींत लिहा. मागणी मोघम ठेवू नका: ‘संगीताला पाठिंबा द्या’ असं लिहिलं तर सुरेख उत्तर येईल आणि काहीच घडणार नाही. ट्यूबा-युफोनियमची पूर्णवेळ, कायम जागा याच वर्षी जाहीर करा, असं स्पष्ट लिहा. तुम्ही त्या विद्यापीठाचे माजी विद्यार्थी असाल, मग तुमची पदवी संगणकाची असो की औषधशास्त्राची, तर ते पहिल्याच ओळीत सांगा आणि देणगी देत असाल तर तेही सांगा. मुलांच्या वर्षअखेरच्या वादनाला या. प्रवेश मोफत असतो आणि भरलेलं सभागृह डीनना दिसतं.

विश्वस्तांची बैठक एप्रिलमध्ये आहे. नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं बोलता येतं, नाव मात्र आठवडाभर आधी नोंदवावं लागतं. मी माझं नोंदवलं आहे, आमच्या मराठी मंडळातल्या आणखी काही जणांनीही. गाडीत जागा आहे. ज्यांना यायचं आहे त्यांनी मंडळाच्या कार्यकारिणीला या रविवारपर्यंत कळवा.