नॅचरल म्हणजे चांगलं? शार्कला विचारा!

सध्या स्किनकेअरच्या रील्समध्ये ‘स्क्वालेन’चा बोलबाला आहे. दोन थेंब लावा, चेहरा तुकतुकीत! बाटलीवर ‘नॅचरल’ लिहिलेलं असलं की आपण डोळे मिटून ऑर्डर करतो. इथेच जरा थांबायला हवं.

आधी थोडी केमिस्ट्री. मूळ पदार्थ स्क्वालीन. जपानी रसायनशास्त्रज्ञ मित्सुमारू त्सुजिमोतो यांना तो शार्कच्या यकृताच्या तेलात सापडला आणि १९१६ मध्ये ‘स्क्वालस’ या शार्कवरूनच त्याला नाव मिळालं. पाच कार्बनचे सहा आयसोप्रीन तुकडे जोडले की ३० कार्बनची ही साखळी तयार होते. आपलं शरीरही ती बनवतं. ती वळून तिच्यात चार कडी जुळतात, पुढे कोलेस्टेरॉल होतं आणि त्यातून टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रोजेनसारखी स्टेरॉइड हॉर्मोन्स. चेहऱ्यावरच्या तेलातही सुमारे १२ टक्के स्क्वालीनच असतं! पण त्यातल्या सहा डबल बाँड्समुळे ते हवेत लवकर खराब होतं. म्हणून हायड्रोजन देऊन ते बाँड भरून टाकतात. झालं स्क्वालेन.

आता प्रश्न, हे येतं कुठून? खोल समुद्रातल्या शार्कला तरंगायला हवेची पिशवी नसते. तेलाने भरलेलं भलंमोठं यकृत त्याला हलकं ठेवतं. त्या तेलासाठी त्याला मारतात. हे शार्क सावकाश वाढतात, पिल्लंही मोजकीच देतात. एकदा संख्या घटली की भरून यायला अनेक वर्षं जातात. आणि हे तेल शंभर टक्के ‘नॅचरल’ बरं का!

याउलट, ब्राझीलमध्ये उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून १५ कार्बनचं फार्नेसीन बनवतात. असे दोन रेणू जोडून हायड्रोजन दिला की स्क्वालेन तयार. ऑलिव्ह तेलातूनही ते मिळतं. आपल्या उपवासाच्या राजगिऱ्याच्या तेलातही स्क्वालीन भरपूर असतं.

कुणी म्हणेल, रेणू तोच, मग फरक काय पडतो? रेणू तोच आहे, म्हणूनच तर फरक पडतो! त्वचेला उसाचं आणि शार्कचं स्क्वालेन वेगळं कळत नाही. मग शार्क मारायचं कारणच काय उरतं?

त्यामुळे ‘नॅचरल आहे का?’ हा प्रश्न सोडून द्या. ‘कशापासून बनवलंय?’ एवढंच विचारा. लेबलवर उत्तर नसेल तर कंपनीला मेसेज टाका. तरीही उत्तर आलं नाही, तर बाटली कार्टमधून काढायला एक क्लिक पुरते.