मुदतवाढ फुकट देऊ नये

पेढीवर वायद्याचा दिवस टळला की दुसऱ्या दिवसापासून व्याज चालू होते, आणि ते कोणी भरावयाचे ह्याविषयी कोणी वाद घालीत नाही. धाटावच्या कारखान्यातून ठरल्या तारखेस माल निघाला नाही तर कारखानदारास गिऱ्हाइकापाशी जाब द्यावा लागतो. व्यवहाराचा हा साधा नियम ज्यास ठाऊक नाही असा दुकानदार रोह्याच्या किंवा पेणच्या बाजारात शोधूनही सापडावयाचा नाही. परंतु जेथे माल घेणारे सरकारी महामंडळ असते आणि तोटा सोसणारी सर्व जनता असते, तेथे वायदा टळला म्हणजे व्याज लागत नाही. नवा वायदा मात्र मिळतो! राज्य परिवहन महामंडळाच्या विजेच्या बसगाड्यांचे प्रकरण हे ह्याचे ठळक उदाहरण होय.

हकीकत थोडक्यात अशी आहे. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी नगरहून पुण्यास गेली, आणि त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी महामंडळाची विजेवरची ‘शिवाई’ सुरू झाली. पुढे जुलै २०२३ मध्ये महामंडळाने एव्ही ट्रान्स ह्या कंपनीस ५,१५० विजेच्या गाड्यांसाठी इरादापत्र दिले. ह्या सर्व गाड्या २४ महिन्यांत पुरवावयाच्या होत्या. ह्यांपैकी बहुतेक मुदत उलटून गेल्यावर, मे २०२५ मध्ये, हाती आलेल्या गाड्या सुमारे २२० होत्या. मध्यंतरी वेळापत्रक बदलून देण्यात आले; २२ मेपर्यंत १,००० गाड्या येतील असे ठरले; तेही पार पडले नाही. तेव्हा परिवहनमंत्री श्री. प्रताप सरनाईक यांनी हा करार रद्द करण्याचे निर्देश दिले. मंत्र्यांचा राग रास्त होता ह्यात संशय नाही. तथापि रागाने गाडी फलाटाला लागत नाही.

ह्या विलंबाची झळ कोणास लागते ते पाहण्यास मुंबईस जावे लागत नाही. रोहा-कोलाड रस्त्यावरील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर येणारा कामगार, पेणला कचेरीच्या कामास निघालेला शेतकरी, कॉलेजात जाणारी मुलगी, ह्यांस एक फेरी रद्द झाली म्हणजे अर्धा दिवस बुडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांस एसटीचा प्रवास मोफत झाला, मार्च २०२३ मध्ये स्त्रियांस निम्मे तिकीट झाले. ह्या सवलती स्तुत्यच होत. त्यांनी उतारू वाढले. परंतु वाढलेल्या उतारूंसाठी नव्या गाड्या हव्यात, हा हिशेब त्याच वेळी पुरा झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये भाडे मात्र १४.९५ टक्क्यांनी वाढले. भाडेवाढ ठरल्या तारखेस अमलात येते आणि गाडी तेवढी ठरल्या तारखेस येत नाही, हा न्याय कोणता?

विजेच्या गाडीचे काम नवे आहे, वेळ लागावयाचाच, असे समर्थन कोणी करतील. मुंबईत विजेची ट्राम ७ मे १९०७ रोजी धावू लागली. तारेवरची वीज निराळी व बॅटरीतली वीज निराळी, हा भेद आम्हांस मान्य आहे. पण काम नवे आहे हे करारापूर्वीही ठाऊक होते. जो आपली शक्ती न पाहता वायदा करतो, त्याची अडचण ही वायदा मोडण्याची सबब होऊ शकत नाही.

दोष कोठे आहे हे पाहावयाचे तर कराराचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. ह्या पद्धतीत महामंडळ गाडी विकत घेत नाही. गाडी कंपनीची, चालक कंपनीचा, वाहक महामंडळाचा, आणि गाडी जितके किलोमीटर चालेल त्या मानाने कंपनीस पैसे. म्हणजे गाडी आलीच नाही तर त्या गाडीपोटी महामंडळाच्या वहीत एक पैसाही खर्ची पडत नाही. नुकसान होते ते उतारूचे, आणि उतारूच्या नुकसानीस महामंडळाच्या वहीत रकाना नाही! जे वहीत दिसत नाही त्याची निकड कचेरीस वाटत नाही. म्हणूनच मुदतवाढ देणे इतके सोपे जाते.

येथे कायदा काय म्हणतो हे वाचकांनी समजून घ्यावे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ५५ असे सांगते की, मुदत हे कराराचे मर्म असेल व ती चुकली, तर दुसऱ्या पक्षास करार रद्द करता येतो. परंतु त्याने करार न मोडता उशिराने केलेली पूर्तता स्वीकारली, आणि स्वीकारताना ‘नुकसानभरपाईचा आमचा हक्क आम्ही राखून ठेवीत आहो’ अशी सूचना दिली नाही, तर त्या विलंबाची भरपाई त्यास पुढे मागता येत नाही. सूचना न देता उशिराचा माल घेणे म्हणजे जनतेचा हक्क मुकाट्याने सोडून देणे होय. कलम ७४ अन्वये करारात भरपाईची रक्कम ठरलेली असली तरी तीही मर्यादाच ठरते. न्यायालय तिच्या आत वाजवी तेवढेच देते. दाव्याच्या वेळी नुकसानीची नोंद हाताशी असली तर बाजू बळकट, नसली तर लंगडी.

मग करार रद्दच का करू नये? त्याचे उत्तर मुंबईच्या ‘बेस्ट’ने अनुभवले आहे. तिने फेब्रुवारी २०२२ मध्ये १,४०० विजेच्या गाड्यांची निविदा काढली. वाद उच्च न्यायालयात व तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. अखेरचा निकाल १९ मे २०२३ रोजी लागून ह्याच कंपनीचा मक्ता कायम झाला. निविदेपासून निकालापर्यंत सुमारे पंधरा महिने गेले. रद्द करण्याचे शस्त्र हाती असावे, पण त्यावाचून दुसरे शस्त्रच नाही अशी स्थिती असू नये.

टाळी एका हाताने वाजत नाही हेही खरे. आगारात चार्जिंगची सोय नसेल, वीजजोडणी रखडली असेल, बिले वेळेवर दिली जात नसतील, तर कंपनीस बोट दाखविण्यास जागा मिळते. म्हणून महामंडळाने प्रथम आपले घर आवरावे.

आमच्या मागण्या चारच आहेत. कोणत्या आगारास कोणत्या महिन्यात किती गाड्या यावयाच्या व आल्या, ह्याचा तक्ता दरमहा प्रसिद्ध व्हावा. आगारातील तयारीच्या तारखाही त्याच तक्त्यात असाव्यात. भरपाईचा हक्क लेखी राखून ठेवल्यावाचून एक दिवसाचीही मुदतवाढ मिळू नये. आणि प्रत्येक आगारात रद्द झालेल्या फेरीची कारणासह नोंद व्हावी व ती मागेल त्यास पाहावयास मिळावी.

ह्यांतील शेवटच्या कामास सरकारची वाट पाहण्याचे कारण नाही. धाटावचे कामगार, रोह्याचे व पेणचे व्यापारी यांनी आपापल्या स्थानकावर न आलेल्या गाडीची तारीख व वेळ लिहून ठेवावी आणि महिनाअखेर ती यादी पेणच्या विभागीय कचेरीत देऊन पोच घ्यावी. आपली येणी वहीत न मांडणाऱ्या सावकारास ती कधी वसूल करता येत नाहीत. उतारूने आपली वही आता उघडली पाहिजे.