पालं पडली की मेसेज सुटतो

गेल्या आठवड्यात गावाबाहेर ओढ्याच्या कडेला आठ-दहा पालं पडली. संध्याकाळपर्यंत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो हजर! "पोरं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा." फोटोत काय होतं? चुलीपुढे भाकरी थापणारी बाई आणि तिच्याजवळ उघडं पोर. खाली आपल्याच शहाण्यासुरत्या माणसांच्या कमेंटी: "रातोरात हाकला यांना."

आज स्पष्ट बोलतो. राग आला तर येऊ द्या.

१ जुलै २०१८ आठवतंय? धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथं आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा मोबाईलवरून आधीच पोचली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन जीव जाईपर्यंत मारलं. पाचही गेले. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं.

त्या दिवसांत तसला एक मेसेज मीही दोन ग्रुपवर ढकलला होता. "खरं-खोटं माहीत नाही, पण काळजी घ्या" असं वर लिहून. राईनपाड्याची बातमी आल्यावर गुपचूप डिलीट केला. मेसेज डिलीट झाला, लाज अजून आहे.

ही भीती आपल्यात आली कुठून? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याखाली पारध्यांसारख्या कितीतरी जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवानगी, तारेच्या कुंपणातल्या वसाहती. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या मोकळ्या झाल्या. कागदावर! आपल्या डोक्यातला कायदा काही रद्द झाला नाही. गोसावी असो, पारधी असो की आणखी कोणी, पालात राहतो ना, मग चोरच.

आता कोणीतरी म्हणेल, "अहो, चोऱ्या होतातच की!" होतात. ज्याने केली त्याला धरा, कोर्टात उभा करा, कोण नाही म्हणतंय? पण आपल्या आळीतल्या पोराने विहिरीवरची मोटर चोरली तेव्हा आपण काय म्हणालो? "पोरगं वाया गेलं." सगळ्या आळीला चोर नाही म्हणालो. मग पालावरचा एक चुकला की सगळी जमात चोर, हा न्याय कुठला?

परवा मी पालावर गेलो. जाताना पोटात गोळा आला होता, खोटं कशाला सांगू? तिथल्या एका म्हातारीने मला बसायला पोतं टाकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, रात्री कोणी मारायला येणार न्हाई ना?"

काय उत्तर देणार? आपण दाराला कडी लावून घाबरतो. त्यांना तर दारच नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. ॲडमिनने तो फोटो आजच्या आज काढावा. त्या बाईला विचारून काढलेला नाही तो. कुणाचा संशय आला तर ११२ ला फोन करा, माणसं गोळा करू नका. आणि तिसरी, पालावर सहा ते चौदा वयाची चार पोरं आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. महिनाभराने पालं उठतील, हे मलाही कळतं. महिनाभर तरी पोरं वर्गात बसू देत.

सोमवारी सकाळी दहाला मी त्या चौघांना घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार आहे. लाइक नको, अंगठा नको.

सोबत कोण येतंय तेवढं सांगा.