वादळाचे मोजमाप

१३ मार्च २०१५ च्या रात्री ‘पॅम’ नावाचे चक्रीवादळ दक्षिण प्रशांत महासागरातील वानुआतू या द्वीपराष्ट्रावर कोसळले, तेव्हा त्या राष्ट्राचे अध्यक्ष बाल्डविन लॉन्सडेल मायदेशी नव्हते. नैसर्गिक आपत्तींची हानी कशी कमी करावी याचा खल करण्यासाठी युनोने जपानमधील सेंडाई येथे भरविलेल्या परिषदेला ते गेले होते! दैवाचा याहून क्रूर उपहास कोणता असेल? त्याच परिषदेच्या व्यासपीठावरून त्यांना आपल्या उद्ध्वस्त देशासाठी मदतीची याचना करावी लागली.

पॅमच्या वाऱ्याचा सततचा वेग ताशी २५० किलोमीटरांवर गेला होता. अधिकृत अहवालात मृतांचा आकडा ११ आला. वृत्तपत्रांना एक वाईट खोड आहे, आणि तिच्यातून आम्ही स्वतःला वगळीत नाही. वादळ केवढे, हे आम्ही प्रेते मोजून ठरवितो. अकरा मृतांचे वादळ दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर जाते आणि तिसऱ्या दिवशी तेथूनही नाहीसे होते. वस्तुतः ही संख्या इतकी अल्प राहिली याचे मोठे श्रेय त्या बेटांवरील लोकांनाच दिले पाहिजे. रेडिओवरून आणि मोबाइलवरून आलेला इशारा त्यांनी मानला, चर्चमध्ये, शाळांमध्ये, प्रसंगी गुहांमध्ये आसरा घेतला आणि जीव वाचविले. त्यांचे हे शहाणपणच त्यांच्या विस्मरणाला कारण व्हावे, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

कारण जीव वाचले, तरी बाकीचे गेले. सुमारे १७,००० इमारती मोडल्या किंवा जमीनदोस्त झाल्या, ६५,००० माणसे बेघर झाली. या देशातील बहुसंख्य कुटुंबे आपल्या परसातील सुरण, अळकुड्या आणि केळी यांवर जगतात. ते मळे एका रात्रीत झोडपून निघाले. एकूण हानी राष्ट्राच्या वार्षिक उत्पन्नाच्या ६४ टक्के भरली. एखाद्या गृहस्थाने वर्षभर कमवावे आणि त्यातले दहा आण्यांहून अधिक एका रात्रीत वाऱ्यावर जावे, असा हा हिशेब आहे. बरे, ते सावरावे म्हणावे, तर अवसर कोठे आहे? एप्रिल २०२० मध्ये ‘हॅरॉल्ड’ आले, तेही अशा वेळी की, कोरोनाला दूर ठेवण्यासाठी देशाने आपली दारे बंद केली होती. परदेशी साहाय्यकांना येऊ देता येईना आणि मदतीचे सामानही विलगीकरणात ठेवावे लागले. मार्च २०२३ मध्ये तर ‘ज्युडी’ आणि ‘केव्हिन’ ही दोन वादळे तीन दिवसांच्या आत एकामागून एक आली.

वादळे पूर्वीही येत होती, हे खरे. त्यांची संख्या वाढेल असे शास्त्रज्ञही म्हणत नाहीत. परंतु समुद्र जसजसा तापेल तसतसे त्यांतील महाभयंकर वादळांचे प्रमाण वाढेल, असे त्यांचे म्हणणे आहे. समुद्र कोणी तापविला? सव्वातीन लाखांच्या आसपास वस्तीच्या, मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढ्याही नसलेल्या या राष्ट्राने खचित नव्हे. वानुआतूने १९९१ मध्येच लहान द्वीपराष्ट्रांच्या वतीने नुकसानीसाठी आंतरराष्ट्रीय विमायोजनेची मागणी केली होती. अशा हानीसाठी निधी असावा हे तत्त्व जगाने मान्य केले ते २०२२ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी. त्या निधीत ज्या रकमा पुढे आल्या, त्यांना भरपाई म्हणण्यापेक्षा दानपेटीतील चिल्लर म्हणणे अधिक यथार्थ होईल.

म्हणूनच या लोकांनी याचना सोडून न्यायालयाची पायरी चढली, हे आम्हांस सर्वस्वी उचित वाटते. कल्पना २०१९ मध्ये दक्षिण प्रशांत विद्यापीठातील कायद्याच्या विद्यार्थ्यांची. ‘केव्हिन’ येऊन गेल्यास चार आठवडेही झाले नव्हते, तोच युनोच्या आमसभेने त्यांचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठविला. २३ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने एकमताने सांगितले की, हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य असून त्याचा भंग करणाऱ्यावर भरपाईचीही जबाबदारी येऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाचे एके काळचे मुख्य न्यायाधीश दलवीर भंडारी हेही त्या न्यायपीठावर होते. हे मत केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचे आहे, बंधनकारक नाही. हे आम्ही विसरलेलो नाही.

आता आपल्या सरकारविषयी. डिसेंबर २०२४ मध्ये हेग येथे भारताने बजावले की, हवा बिघडविण्याची ऐतिहासिक जबाबदारी पाश्चात्त्यांची आहे. ते बरोबरच आहे. पण त्याच श्वासात, ठरलेल्या करारांपलीकडे नवी बंधने निर्माण करू नयेत, असाही इशारा न्यायालयाला दिला. ज्या करारांचे पालन करण्यात श्रीमंत राष्ट्रे कुचराई करतात असे आपणच म्हणतो, त्याच करारांच्या आड आपण उभे राहावे, ही विसंगती आहे. आज दरसाल होणाऱ्या उत्सर्जनात भारताचा क्रम जगात तिसरा आहे; दरडोई ते अल्प आहे, हे उत्तर दिल्लीत पटते, पण छप्पर उडालेल्या टान्ना बेटावर कसे पटावे? २०२१ मध्ये ग्लासगो येथे द्वीपराष्ट्रांच्या भक्कम बांधकामांसाठी योजना जाहीर करण्यात भारत अग्रभागी होता, ते आम्हांस भूषणावह वाटते. परंतु घर बांधण्यास हात देणाऱ्याने, ते पाडणाऱ्याकडून भरपाई मागण्याच्या वेळी गप्प बसू नये. हेगच्या मताला आपला निःसंदिग्ध पाठिंबा आहे, असे परराष्ट्रमंत्र्यांनी संसदेत सांगावे, अशी आमची मागणी आहे.